तेरा नंबरची पेटी

अण्णा मुलीकडे ऑस्टिनला पाच महिने राहून आला, तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर टेक्सासचंच राज्य आहे. पहिले काही दिवस तिथला उकाडा, रस्त्यांची रुंदी, नातवाची शाळा असं चाललं. मंगळवारी त्याने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या संग्रहालयाचा विषय काढला आणि नऊला उठणारे आम्ही अकरापर्यंत पारावरून हललो नाही. त्या रात्रीचं बोलणं आठवेल तसं उतरवतो आहे. नंतरच्या दोन दिवसांत मी जे वाचलं, पडताळलं, तेही यात मिसळलं आहे.

अण्णा, वकील आणि मी एका वर्गातले. मास्तर आमच्याहून बरेच मोठे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून त्यांनी किती निवडणुका काढल्या ते त्यांनाच ठाऊक. पाचवा होता वकिलाचा पुतण्या. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो, रोज येत नाही, त्या दिवशी नेमका आला होता.

अण्णा सांगत होता, "लिंडन जॉन्सनच्या नावाचं मोठं संग्रहालय आहे तिथे, विद्यापीठाच्या आवारातच. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मत देऊ देत नसत, धमक्या देत, खोट्या परीक्षा घेत. त्यांना या माणसाने कायदा करून मत मिळवून दिलं. ६ ऑगस्ट १९६५. ते सगळं वाचताना माझा गळा दाटून आला रे."

"दाटणारच," वकील म्हणाला. "पण अण्णा, हा माणूस सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, पोचला कसा, ते ठाऊक आहे का तुला? ८७ मतांनी. आणि ती ८७ मतं त्याची नव्हती."

मग वकिलाने १९४८ची गोष्ट सांगितली. कोर्टात युक्तिवाद करावा तशी सांगितली, पण त्याचा आवाज चढलेला होता.

टेक्सास तेव्हा एकाच पक्षाचं राज्य. यादवी युद्धानंतरच्या काळापासून तिथे डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय कोणी निवडून येत नसे, त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक नावाला. खरी लढत त्या पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात. पहिल्या फेरीत कोणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर वरच्या दोघांत दुसरी फेरी. १९४८ साली सिनेटची एक जागा मोकळी झाली. एका बाजूला कोक स्टीव्हन्सन, माजी गव्हर्नर, शांत, कमी बोलणारा, जुन्या गाडीतून गावोगाव फिरणारा. दुसऱ्या बाजूला ३९ वर्षांचा लिंडन जॉन्सन, अकरा वर्षं प्रतिनिधिगृहात काढलेला. सिनेटला उभं राहायचं तर हातातली जागा सोडावी लागणार होती. हरला असता तर घरी बसला असता.

"हेलिकॉप्टरचं सांग ना," अण्णा म्हणाला. ते त्याला ठाऊक होतं.

हेलिकॉप्टर म्हणजे तेव्हा नवलाची गोष्ट. ज्या गावांत विमानही कधी उतरलं नव्हतं तिथे हा माणूस आकाशातून यायचा, वरूनच भोंग्यावर बोलायचा आणि उतरताना आपली हॅट खाली भिरकावायचा. शेतातली माणसं कामं टाकून धावत यायची. त्याच प्रचाराच्या सुरुवातीला मुतखड्याने तो इतका बेजार झाला होता की दवाखान्यात न्यावं लागलं. तरीही २४ जुलैच्या पहिल्या फेरीत स्टीव्हन्सन यांना ४ लाख ७७ हजारांवर मतं मिळाली आणि जॉन्सन यांना ४ लाख ५ हजारांवर. सत्तर हजारांहून जास्त मतांनी मागे. फक्त निम्म्याची अट पुरी झाली नाही म्हणून २८ ऑगस्टला दुसरी फेरी लागली.

"त्या फेरीत दहा लाखांच्या आसपास मतं पडली," वकील म्हणाला. "मतमोजणी दिवसेंदिवस चालली. आघाडी कधी याची, कधी त्याची. राज्यभरातून 'दुरुस्त' आकडे येत होते, दोन्ही बाजूंचे. सहाव्या दिवशी, ३ सप्टेंबरला, दक्षिणेकडच्या जिम वेल्स काउंटीतून, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागातून, एक दुरुस्ती आली. ॲलिस नावाचं गाव, तेरा नंबरचं केंद्र, एका शाळेतलं. तिथे जॉन्सनला आधी ७६५ मतं लिहिली होती. ती झाली ९६५. दोनशे मतं एका रात्रीत वाढली."

"सातचा नऊ केला," पुतण्या म्हणाला. त्याने ते कुठेतरी वाचलं होतं.

"सातचा नऊ. इंग्रजी सातच्या माथ्याला एक वळण दिलं की नऊ होतो. ज्यांनी तो कागद पाहिला त्यांनीच नंतर सांगितलं की आधी सात होता."

इथे मास्तर पहिल्यांदा बोलले. "आकडा नुसता बदलून भागत नाही. दोनशे मतं वाढवलीत तर दोनशे मतदार दाखवावे लागतात. मत देऊन गेलेल्यांची यादी असते ना."

"त्यांनी तीही वाढवली, मास्तर. स्टीव्हन्सनची माणसं ॲलिसला गेली तेव्हा यादी तिथल्या बँकेत कुलुपात होती. सोबत फ्रँक हेमर होता, टेक्सास रेंजर, बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीचा माग काढणारा. बँकेबाहेर हत्यारबंद माणसं उभी होती, हेमरने ती बाजूला केली. यादी उतरवून घेऊ देईनात, नुसती पाहू दिली. वकिलांनी नजरेखालून गेली तेवढी नावं पाठ केली. ८४१ क्रमांकापर्यंतची नावं एका शाईत. पुढची २०२ दुसऱ्या शाईत, एकाच हाताची, आणि एकापाठोपाठ एक वर्णानुक्रमाने. दोनशे माणसं आडनावांच्या क्रमाने रांगेत उभी राहून मत देऊन गेली, असं ती यादी सांगत होती. त्यातली दोनशे जॉन्सनला, दोन स्टीव्हन्सनला."

मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. विचारात असले की ते असं करतात.

"८४१वा माणूस भेटला का कोणाला?"

"भेटला. त्याने शपथेवर सांगितलं की मी गेलो तेव्हा केंद्र बंद व्हायला आलं होतं आणि माझ्यामागे कोणी नव्हतं."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले. आणि मग त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली जी आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हती, तिघेही तीस-पस्तीस वर्षं मतदान करत असूनही. आपल्याकडे मतदान यंत्रं आल्यापासून केंद्रावर मतदारांची नोंदवही असते. मतदान संपलं की केंद्राध्यक्षाने शेवटच्या नोंदीखाली रेघ ओढायची, शेवटच्या नोंदीचा क्रमांक अमुक असं लिहायचं, खाली सही करायची आणि हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. नंतर नोंदवलेल्या मतांचा हिशेब भरून त्याची एकेक प्रत त्या प्रतिनिधींच्या हातात द्यायची. "मी दर वेळी रेघ पट्टीने ओढायचो," ते म्हणाले. "बरोबरचे लोक म्हणायचे, मास्तर, गाडी थांबलीय, हाताने ओढा. नाही. ती रेघ म्हणजे त्या दिवसाचं दार. ८४१च्या खाली कोणी तशी रेघ ओढली असती, तिच्याखाली दोन्हीकडच्या सह्या असत्या, तर ही २०२ नावं कुठे लिहिली असती त्यांनी?"

मला वाटतं सबंध रात्रीत सगळ्यात मोलाचं बोलणं हेच झालं. पुढचा वाद मोठमोठ्या गोष्टींवर गेला, पण माझं मन त्या रेघेवरून हललं नाही.

पुतण्याचा पक्ष वेगळा होता आणि त्याने तो चांगला मांडला. तो म्हणाला, "काका, तुम्ही १९४१ सोडून बोलताय. तेव्हाही जॉन्सन सिनेटला उभा होता, पोटनिवडणुकीत. मतमोजणीत पुढे होता. त्याच्या माणसांनी आपल्या भागातले आकडे लवकर जाहीर केले. म्हणजे समोरच्याला किती मतं कमी पडताहेत ते कळलं. मग पूर्व टेक्सासातून उशिरा मतं येत गेली आणि जॉन्सन १,३११ मतांनी हरला. तिथे खेळ असाच चालायचा. एकाने शिट्टी वाजेपर्यंत नियम पाळायचे आणि दुसऱ्याने नंतर गोल करायचा, हे किती वेळा सहन करायचं? आणि स्टीव्हन्सन कोण मोठा साधू होता? दक्षिण टेक्सासातल्या ज्या जॉर्ज पारने जॉन्सनला मतं दिली, त्याच पारची गठ्ठा मतं आधीच्या निवडणुकांत स्टीव्हन्सनच्या पारड्यात पडली होती. तेव्हा त्याने ती नको म्हटलं नाही."

हे खरं आहे. जॉर्ज पार म्हणजे शेजारच्या डुव्हाल काउंटीचा सर्वेसर्वा. लोक त्याला डुव्हालचा ड्यूक म्हणत. वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाच्या मजुरांची. तिथे मत द्यायचं तर आधी पावणेदोन डॉलर मतदान कर भरावा लागे आणि मजुराला ते पैसे जड. मग कर भरायचा पारच्या माणसांनी आणि मत कुठे द्यायचं तेही त्यांनीच सांगायचं. दुसऱ्या फेरीत डुव्हालचा आकडा होता जॉन्सन ४,६२२, स्टीव्हन्सन ४०. स्टीव्हन्सन गव्हर्नर असताना त्यांनी पारच्या मर्जीचा माणूस सरकारी वकिलाच्या जागी नेमला नाही, तेव्हापासून पारने त्यांच्याशी वाकडं धरलं होतं.

"लोक ऐकायचे का त्याचं?" अण्णाने विचारलं.

"भीती होतीच," वकील म्हणाला. "पण आजारपणात औषध, मयताला पैसे, मुलाला काम, हेही त्याच्याकडूनच. तिकडे अशा माणसाला पात्रोन म्हणतात. मालकही तोच, आधारही तोच."

मास्तर म्हणाले, "ज्याच्याकडून औषध येतं त्याच्या विरोधात मत टाकायला फार मोठी छाती लागते. त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही."

अण्णा मग स्टीव्हन्सनवर घसरला. त्याचं म्हणणं, तो गव्हर्नर काही गोऱ्या-काळ्यांच्या वेगळेपणाविरुद्ध लढणारा नव्हता, उलट ती व्यवस्था त्याला मान्य होती. तो सिनेटमध्ये गेला असता तर दक्षिणेतल्या जुन्या विचारांच्या सिनेटरांत एकाची भर पडली असती, इतकंच. मग १९६४चा नागरी हक्क कायदा कोणी केला असता? १९६५चा मतदान हक्क कायदा कोणी केला असता? म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची मेडिकेअर योजना कोणी आणली असती?

"आणि व्हिएतनाम?" वकील म्हणाला. "तेही त्याच ८७ मतांतून आलं, अण्णा. हिशेब करायचा तर सगळाच कर. शिवाय १९४८च्या मे महिन्यात, तुझ्या त्या ऑस्टिनमध्येच, प्रचाराची पहिली सभा घेतली तेव्हा हाच जॉन्सन तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नागरी हक्कांच्या कार्यक्रमाला थोतांड म्हणत होता. ज्या मतदाराने १९४८ साली त्याला मत दिलं, त्याने १९६५च्या जॉन्सनला दिलेलं नव्हतं. १९६५चा जॉन्सन कोणालाच दिसत नव्हता. फळ चांगलं आलं म्हणून बी चोरीचं होतं हे विसरायचं, असं कोर्टात चालत नाही."

"कोर्टात काय चाललं ते तर सांगा," पुतण्या म्हणाला.

इथे वकील थोडा शांत झाला, कारण हा त्याचा प्रांत. जिम वेल्सच्या पक्ष समितीचे नवे पदाधिकारी तेरा नंबरची पेटी पुन्हा तपासू म्हणत होते. जॉन्सन यांनीच राज्याच्या न्यायालयातून मनाई आणून त्यांना थांबवलं. १३ सप्टेंबरला फोर्ट वर्थमध्ये पक्षाच्या राज्य समितीसमोर प्रकरण आलं. तिथे मतं पडली २९ विरुद्ध २८. दहा लाख लोकांच्या मतदानाचा निकाल एका सदस्याच्या मताने लागला. स्टीव्हन्सन संघीय न्यायाधीश टी. व्हिटफील्ड डेव्हिडसन यांच्याकडे गेले. त्यांनी जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर छापायला स्थगिती दिली आणि चौकशीसाठी ॲलिसला अधिकारी पाठवला. तिथे पेट्या उघडायला सुरुवातही झाली. मतदारांच्या यादीच्या प्रती मात्र सापडेनात.

"जॉन्सनच्या बाजूने एब फोर्टास नावाचा वकील होता," वकील सांगत होता. "त्याने ओळखलं की वेळ हाच शत्रू आहे. मतपत्रिका छापायची मुदत संपत आली होती. नेहमीच्या वाटेने अपील करत बसलो तर मेलो. म्हणून त्याने खालच्या अपिलाच्या न्यायाधीशासमोर झटपट अर्ज केला, तिथे हरायचं हे धरूनच, म्हणजे लगेच वर जाता येईल. मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्यासमोर गेला. ते त्या विभागाचे न्यायमूर्ती. ब्लॅक म्हणाले, राज्यातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत संघीय न्यायालयाने हात घालायचा नाही. डेव्हिडसनांचा हुकूम थांबवला. ॲलिसमधली चौकशी तिथल्या तिथे बंद पडली."

"मग कायद्याने जॉन्सन बरोबर होता," पुतण्या म्हणाला.

"कायद्याने अधिकारक्षेत्राचा प्रश्न सुटला. नावं खरी की खोटी, हा प्रश्न कुठल्याच न्यायालयाने ऐकून घेतला नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तीस वर्षं वकिली केल्यावर मला सांगवतही नाही की पहिल्याच्या आड दुसरा किती वेळा पुरला जातो." तो हे अगदी मनापासून बोलला. पुढे १९६५ साली जॉन्सन यांनी फोर्टास यांना सर्वोच्च न्यायालयात नेमलं, हेही त्याने सांगितलं.

अंतिम आकडा ४,९४,१९१ विरुद्ध ४,९४,१०४. सुमारे अकरा हजार मतांमागे एका मताचा फरक. नोव्हेंबरची निवडणूक जॉन्सन यांनी आरामात जिंकली. सहा वर्षांत ते सिनेटमध्ये पक्षाच्या बहुमताचे नेते झाले आणि पंधरा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष. तेरा नंबरच्या केंद्रावरचा अधिकारी लुईस सालस १९७७ साली बोलला. तोवर जॉन्सन, पार, स्टीव्हन्सन सगळे गेले होते. निवडणूक जॉन्सन जिंकलेला नव्हता, ती त्याच्यासाठी चोरली गेली, असं त्याने सांगितलं.

मास्तरांना जॉन्सन वेगळ्या कारणासाठी आठवत होता. १९६५-६६च्या दुष्काळात ते शाळेत शिकत होते. रेशनच्या दुकानात अमेरिकेचा गहू यायचा आणि जॉन्सन यांचं सरकार तो एकदम न देता थोडा थोडा सोडत असे. "आई दुकानातून आली की वडील आधी विचारायचे, आला का? माझ्या लहानपणी जॉन्सन म्हणजे तो 'आला का'. या माणसाला दुसऱ्याची नड कळायची, आणि ती कशी वापरायची तेही कळायचं. दोन्ही एकाच माणसात."

अण्णाने यावर जे सांगितलं त्याने वादाचा तोल खरोखर बदलला. त्याने संग्रहालयातून येताना एक पुस्तिका आणली होती आणि बाकीचं जावयाने सांगितलं होतं. जॉन्सन विशीत असताना, १९२८-२९ साली, दक्षिण टेक्सासातल्या कोटुल्ला गावी मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिकवत होता. मुलं उपाशी यायची. १९६५च्या मार्चमध्ये मतदान हक्काचा कायदा मागताना अमेरिकेच्या संसदेसमोर त्याने त्याच मुलांची आठवण सांगितली. आणि दुसरी गोष्ट फेलिक्स लोंगोरियाची. हा टेक्सासचा मेक्सिकन वंशाचा सैनिक, दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये मारला गेला. १९४९च्या सुरुवातीला त्याचा देह घरी आणायचं ठरलं, तेव्हा थ्री रिव्हर्स गावातल्या अंत्यविधीगृहाने गोऱ्या लोकांना आवडणार नाही म्हणून आपली जागा नाकारली. हे गाव ॲलिसपासून फार लांब नाही. मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांसाठी झटणारे डॉ. हेक्टर गार्सिया यांनी मदतीसाठी तारा केल्या, त्यातली एक जॉन्सनला. सिनेटर होऊन जॉन्सनला दोन आठवडेही झाले नव्हते. त्याने त्या सैनिकाला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत जागा मिळवून दिली आणि फेब्रुवारीत दफनाला स्वतः हजर राहिला.

"त्या लोकांची मतं चोरली म्हणतोस ना," अण्णा वकिलाला म्हणाला, "मग हे सांग, त्या लोकांसाठी स्टीव्हन्सन तिथे उभा राहिला असता का?"

वकील गप्प बसला. मला वाटतं त्याने मान्य केलं.

पण माझं अण्णाशी जमलं नाही, आणि तिथे मी पहिल्यांदा जोरात बोललो. सगळे ८७ मतं स्टीव्हन्सनकडून चोरली असं धरून बोलत होते. चोरी जॉन्सनने केली की पारने, स्टीव्हन्सन चांगला की वाईट, देशाचा फायदा की तोटा. त्या २०२ जणांचं काय? त्या यादीत माणसांची नावं होती. त्यातल्या काहींनी नंतर शपथेवर सांगितलं की आम्ही मतदानाला गेलोच नाही. काही तर वारलेले होते. चार वर्षांपूर्वीच, १९४४ साली, ह्यूस्टनच्या एका कृष्णवर्णीय दंतवैद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासची फक्त गोऱ्यांसाठी असलेली प्रायमरी बेकायदा ठरवली होती. प्रायमरीत मत असणं याची किंमत त्या राज्यातल्या लोकांना सांगावी लागत नव्हती. आणि या लोकांना कोणीतरी मतदार म्हणून मोजलं, ते असं. त्यांचं नाव उपयोगी पडलं. त्यांना काय हवं ते कोणी विचारलं नाही. हे स्टीव्हन्सनच्या हरण्यापेक्षा मला जास्त लागतं. लोंगोरियाला आर्लिंग्टनला नेणं फार मोठं काम होतं, पण ते याचं उत्तर नाही. ज्याचं नाव खोटं लिहिलं त्याच्या भावाला मान दिला म्हणून ते नाव पुसलं जात नाही.

पुतण्या म्हणाला, "पण मतदान हक्क कायद्याने शेवटी त्यांनाच हक्क मिळाला ना?"

नाही. आणि हे मलाही त्या रात्री नक्की ठाऊक नव्हतं, दुसऱ्या दिवशी वाचून पक्कं केलं. १९६५च्या कायद्यात ज्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्र सरकारची परवानगी घ्यायची अट घातली, त्यांत टेक्सास नव्हतं. जॉन्सनचं स्वतःचं राज्य बाहेर राहिलं. स्पॅनिश बोलणाऱ्या मतदारांना ते संरक्षण मिळालं १९७५ साली, कायद्याची व्याप्ती भाषिक अल्पसंख्याकांपर्यंत वाढवली तेव्हा. त्यासाठी ह्यूस्टनच्या प्रतिनिधी बार्बरा जॉर्डन झटल्या. जॉन्सन जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बुधवारी मी हे सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण १९६५ नसतं तर १९७५ कुठून आलं असतं?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तो बरोबर आहे.

मंगळवारी शेवटी बोलले ते मास्तर. मतपत्रिकांच्या काळातली गोष्ट. एका वाडीवरच्या केंद्रावर दुपारी चारच्या सुमारास एक बाई आली, डोक्यावरचा भारा बाहेर उतरवून. यादीत नाव पाहिलं तर त्यावर आधीच खूण. तिच्या नावाने कोणीतरी मत देऊन गेलं होतं. बोटाला शाई नाही, ओळख पटलेली. नियमाप्रमाणे मास्तरांनी तिला प्रदत्त मत दिलं. म्हणजे वेगळी मतपत्रिका, मागे तसा शिक्का, यादीत सही किंवा अंगठा, आणि ती मतपत्रिका पेटीत जात नाही, केंद्राध्यक्षाच्या हातात येते आणि वेगळ्या लिफाफ्यात बंद होते. कोर्टाने मागवल्याशिवाय ती कोणी उघडत नाही.

"अंगठा उठवून झाल्यावर तिने विचारलं, गुरुजी, माझं पेटीत का नाही टाकलं? मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे माझं मोजणार नाहीत. मी म्हटलं, लिफाफा नीट पोचवीन. दुसरं काय सांगणार? ती भारा उचलून गेली. मी तो लिफाफा रात्रभर उशाशी घेऊन झोपलो. सकाळी जमा केला, पोच घेतली. कोण येऊन गेलं होतं तिच्या नावाने ते मला आजही माहीत नाही. माझ्या समोरून गेलं असणार. मी बसलो होतो तिथे."

कोणी काही बोललं नाही. चहावाल्याने बाकडी आत घेतली.

मग मास्तरांनी अण्णाला विचारलं, "ऑस्टिनहून ते ॲलिस किती लांब?"

अण्णाने फोनवर पाहिलं. दोनशे मैलांच्या आसपास, सरळ दक्षिणेला, सॅन अँटोनियोवरून.

"परत जाशील तेव्हा जावयाला म्हणावं, एक दिवस काढ. ती शाळा आहे का अजून, बघून ये. आणि असली तर एक फोटो आण माझ्यासाठी."

अण्णा म्हणाला, "आणतो."